अर्धं पुसलेलं पुस्तक : क्षय आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूंची गोष्ट

(या भागात जे बोलले तेच इथे लिहून काढलंय. बोलण्यातली वळणं मुद्दाम ठेवली आहेत. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा असेल तर ऐका.)

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, नाहीतर अभ्यासाचं पुस्तक समोर उघडून कानात हेडफोन घालून बसला असाल. या, बसा. आजची गोष्ट जिवाणूंची आहे, पण सुरुवात माझ्या घरातून.

आमच्याकडे वंशावळीचा एक कागद आहे. आजोबांच्या थोरल्या भावानं लिहिलेला, मोडी वळणाच्या देवनागरीत. गेल्या दिवाळीत मी त्याचा मोबाइलवर फोटो काढत होते. फोटो मोठा करून बघताना लक्षात आलं की आजोबांच्या पिढीच्या रांगेत दोन नावांच्या मधे एक जागा मोकळी आहे. खाडाखोड नाही, कागद फाटलेला नाही. नुसती जागा, एक नाव मावेल एवढी. बाबांना विचारलं. ते आधी म्हणाले, "असेल काहीतरी." मग चहा झाल्यावर म्हणाले, "अगं, आमचे एक काका होते. सगळ्यात धाकटे. त्यांना महारोग झाला होता. आत्यांची लग्नं व्हायची होती ना."

एवढंच. एका माणसाचं अख्खं आयुष्य "लग्नं व्हायची होती" या तीन शब्दांत संपलं.

मग मी या रोगाबद्दल वाचायला लागले, आणि वाचता वाचता एका वेगळ्याच इतिहासात शिरले. हा इतिहास लढायांचा नाही की राजांचा नाही. दोन जिवाणूंचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएमधला सगळाच्या सगळा मजकूर, शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा आहे. त्यातही महत्त्वाची ठरली ती मोकळी जागाच.

एकाला वाढवता आलं, दुसऱ्याला नाही

साल १८७३. नॉर्वेतलं बर्गेन शहर. तिथे त्या काळी कुष्ठरोग बराच होता. गेरहार्ड आर्माउर हान्सेन नावाचा डॉक्टर रुग्णांच्या गाठींमधला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता, आणि त्याला त्यात काठीसारखे बारीक जीव दिसले. तो म्हणाला, रोगाचं कारण हे आहे. तेव्हा मोठमोठ्या वैद्यांचं मत होतं की हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो. त्या मताचे सगळ्यात वजनदार पुरस्कर्ते होते डॅनिएल डॅनिएल्सन, आणि ते हान्सेनचे सासरे! म्हणजे जावयानं सासऱ्यांचं शास्त्र खोडलं.

नऊ वर्षांनी, २४ मार्च १८८२ ला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जिवाणू जाहीर केला. मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस. हान्सेनचा मायकोबॅक्टेरियम लेप्री. आडनाव एकच, कारण दोघे एकाच कुळातले. दोघांभोवती मेणासारखं जाड आवरण, दोघेही सावकाश वाढणारे.

पण एक मोठा फरक होता. कॉखनं आपला जिवाणू शरीराबाहेर काचेच्या नळीत वाढवून दाखवला. हान्सेनला ते काही केल्या जमेना. आणि नळीत वाढत नाही तोवर सिद्ध कसं करणार की रोग यानंच होतो? या घाईत हान्सेननं एक वाईट गोष्ट केली. १८७९ मध्ये त्यानं एका रुग्ण बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला द्रव टोचला. तिला न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८८० मध्ये त्याची रुग्णालयातली नेमणूक गेली. आज वैद्यकीय प्रयोगात रुग्णाची संमती का लागते हे शिकवताना हा खटला सांगितला जातो.

या गोष्टीचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथेही अडचण तीच होती, जिवाणू माणसाबाहेर वाढत नव्हता. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचं शरीर पुढे केलं, असं त्यांच्या चरित्रांमध्ये येतं. जंतू टोचले, पण रोग झाला नाही. एकानं दुसऱ्याच्या डोळ्यात सुई घातली, एकानं स्वतःचा दंड पुढे केला. उत्तर दोघांनाही मिळालं नाही.

१९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स शेपर्डनं उंदराच्या पायाच्या तळव्यात हा जिवाणू थोडाफार वाढवला. १९७१ मध्ये आर्माडिलो कामाला आला. अंगावर चिलखत घातल्यासारखा दिसणारा हा अमेरिकेतला प्राणी. त्याचं शरीर आपल्यापेक्षा थंड असतं आणि या जिवाणूला थंडच जागा मानवते. म्हणून तर रोग आधी त्वचा, नाक, हातापायांच्या नसा असा कडेकडेनं धरतो. पण काचेच्या नळीत? आजतागायत नाही. दीडशे वर्षं झाली.

का वाढत नाही, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकातून दिसण्यासारखं नव्हतं. ते वाचावं लागणार होतं.

पोथ्या शेजारी ठेवून वाचणं

आता दोन मिनिटं विषय सोडते, पण सोडून फार लांब जात नाही.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून तिचा शुद्ध पाठ तयार केला. तीनशे वर्षांत लोकांनी हातानं नक्कल करताना कुठे शब्द बदलले होते, कुठे भर घातली होती. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक. हजाराहून जास्त हस्तलिखितं ओळीला ओळ लावून तपासली.

या कामातली एक युक्ती लक्षात ठेवा. समजा, एका लेखनिकानं नक्कल करताना एक ओळ गाळली. आता त्याच्या प्रतीवरून जेवढ्या प्रती होतील, त्या सगळ्यांत ती ओळ नसेल. कुणाला ती आपोआप परत सुचणार नाही. म्हणजे कोणती प्रत कुणाची लेक, कुणाची नात, हे गळलेल्या ओळींवरून कळतं. जे लिहिलंय ते उपयोगी असतंच, पण जे नाही तेही पुरावा असतं.

डीएनए ही तशीच नक्कल होत आलेली पोथी. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. दर पिढीत नक्कल, आणि कधी चूक, कधी गाळ. एका जीवाचं पूर्ण जीनोम हातात आलं की एक पोथी मिळाली. दोन जातींची जीनोमं मिळाली की मग पाठभेद काढता येतात. खरी मजा तिथून सुरू होते.

पॅरिस आणि केंब्रिज, १९९८ ते २००१

१९९५ मध्ये पहिल्यांदा एका मुक्त जगणाऱ्या जिवाणूचं पूर्ण जीनोम वाचलं गेलं. त्यानंतर तीन वर्षांत, १९९८ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या स्टुअर्ट कोल यांच्या गटानं केंब्रिजजवळच्या सँगर सेंटरबरोबर क्षयाच्या जिवाणूचं जीनोम पूर्ण केलं. ४४,११,५२९ अक्षरं. सुमारे ४००० जनुकं. भरगच्च पुस्तक, कुठेही जागा वाया नाही.

मग त्याच लोकांनी कुष्ठरोगाचा जिवाणू घेतला. तो नळीत वाढत नाही, मग डीएनए आणायचा कुठून? तमिळनाडूतल्या एका रुग्णाच्या शरीरातले जिवाणू आर्माडिलोत वाढवले होते, त्यातून डीएनए काढला. म्हणून त्या वाणाचं शास्त्रीय नावच 'टीएन' आहे. जगात पहिल्यांदा वाचलं गेलेलं कुष्ठरोगाचं जीनोम हे आपल्याच देशातल्या, नाव माहीत नसलेल्या माणसाकडून आलं. मला ही गोष्ट वाचून थांबावंसं वाटलं.

२००१ मध्ये निकाल छापला गेला. ३२,६८,२०३ अक्षरं. म्हणजे क्षयाच्या जिवाणूपेक्षा अकरा लाखांहून जास्त अक्षरं कमी. हेही ठीक, लहान जीनोमं असतात. पण धक्का पुढे होता. चालू स्थितीतली जनुकं होती फक्त १६०४. आणि १११६ जनुकं मेलेली! शास्त्रीय मराठीत त्यांना छद्मजनुकं म्हणतात. म्हणजे जनुकाची जागा आहे, मजकूर बऱ्यापैकी ओळखू येतो, पण मधेच अक्षरं गळलेली, मधेच पूर्णविराम पडलेला. वाचून उपयोग शून्य. क्षयाच्या जिवाणूत तेव्हा अशी मेलेली जनुकं मोजून सहा सापडली होती.

एकूण मजकुराच्या निम्म्याहून कमी भागात कामाची जनुकं. बाकी पुसट अक्षरं. एखाद्या जुन्या वाड्यात शिरावं आणि निम्म्या खोल्यांची छपरं पडलेली दिसावीत, तसं.

आता हे "पडलेलं" आहे हे कळलं कशावरून? शेजारी क्षयाचं जीनोम होतं म्हणून. एकटं कुष्ठाचं जीनोम वाचलं असतं तर त्या पुसट जागा निरर्थक अक्षरं वाटल्या असत्या. शेजारी शाबूत प्रत होती, म्हणून कळलं की इथे पूर्वी काय होतं. तुलना नसती तर तो उतारा नुसता गोंगाट होता.

काय काय गेलं

यादी मोठी आहे, दोन-तीनच गोष्टी सांगते.

सगळ्या जिवाणूंना लोह लागतं. क्षयाचा जिवाणू आजूबाजूचं लोह खेचून घ्यायला एक खास रसायन बनवतो. कुष्ठाच्या जिवाणूत ते बनवणारी जनुकं गेलेली. श्वसनातून ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतला एक मोठा दुवा तुटलेला. स्निग्ध पदार्थ फोडणारी हत्यारं कितीतरी कमी.

का गेली? कारण हा जिवाणू आपल्या पेशींच्या आत राहतो, विशेषतः नसांभोवतीच्या पेशींमध्ये. तिथे सगळं आयतं मिळतं. कायम खानावळीत जेवणाऱ्या माणसाच्या घरातला स्टोव्ह बिघडला तर तो दुरुस्त करत नाही. मग पातेलं गळतं, मग विळी गंजते, आणि एक दिवस असा येतो की खानावळ बंद झाली तर तो उपाशी मरेल. कुष्ठाच्या जिवाणूचं तेच झालं. हान्सेनची नळी म्हणजे बंद खानावळ होती!

त्याची वाढही बघा. आपल्या आतड्यातला ई. कोलाय पोषक परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाचा जिवाणू साधारण एका दिवसात. कुष्ठाचा? बारा ते चौदा दिवस. म्हणूनच संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत वर्षं जातात, कधी वीस वर्षंही. आणि म्हणूनच जुन्या लोकांना तो "अचानक, शापासारखा" आलेला वाटायचा.

अजून एक. १९५२ मध्ये आयसोनियाझिड नावाचं औषध क्षयावर वापरायला सुरुवात झाली आणि त्यानं कमाल केली. तेच कुष्ठरोगावर का चालत नाही? हे औषध स्वतः निष्क्रिय असतं. जिवाणूतलं 'कॅट-जी' नावाचं जनुक जो एन्झाइम बनवतं, तोच त्याला चालू करतो. क्षयाचा जिवाणू स्वतःच्या हातानं विष तयार करतो म्हणा ना. कुष्ठाच्या जिवाणूत हे कॅट-जी मेलेलं आहे. कधी कधी मोडकी वस्तूही मालकाला वाचवते.

गळलेली ओळ परत येत नाही

हीच युक्ती क्षयाच्या इतिहासालाही लावली गेली. जुनी पुस्तकं सांगायची की माणसानं गायीगुरं पाळली आणि त्यांच्याकडून क्षय आपल्याकडे आला. ऐकायला पटतं. पण २००२-०३ च्या सुमाराला गुरांच्या क्षयाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम बोविस, माणसाच्या जिवाणूशेजारी ठेवून वाचला गेला. ९९.९५ टक्क्यांहून जास्त मजकूर सारखा. पण गुरांच्या प्रतीतले कितीतरी तुकडे गळलेले, जे माणसाच्या प्रतीत शाबूत आहेत. आता पोथीची युक्ती आठवा. जिच्यात ओळी गळल्या आहेत ती प्रत आई कशी असेल? गळलेलं परत उगवत नाही. म्हणजे माणसातला क्षय गायीकडून आलेला नाही. गायीच्या डोक्यावरचा निदान एवढा आळ तरी उतरला!

कुष्ठरोगाचा प्रवासही असाच शोधला गेला. २००५ मध्ये जगभरातले नमुने तपासले तेव्हा दिसलं की सगळ्यांच्या जीनोममध्ये विलक्षण साम्य आहे. पुढे भारत, ब्राझील, थायलंड आणि अमेरिका इथल्या चार वाणांची पूर्ण जीनोमं जुळवली, ती ९९.९९५ टक्के सारखी निघाली. बत्तीस लाख अक्षरांत दीड-दोनशे अक्षरांचा फरक. पण तेवढ्या फरकावरूनही वाटा दिसल्या. पश्चिम आफ्रिकेतला प्रकार कॅरिबियन बेटांवर सापडतो. तो तिथे कसा पोचला, हे सांगायला नको, गुलामांच्या जहाजांतून. अमेरिका खंडातला मुख्य प्रकार युरोपशी जुळतो, वसाहतवाल्यांबरोबर गेलेला. तिथल्या जंगली आर्माडिलोंनाही हा रोग माणसाकडूनच मिळाला. बदनाम मात्र बिचारा आर्माडिलो.

२०१३ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन सांगाड्यांतून या जिवाणूची जीनोमं काढली गेली. युरोपातून हा रोग सोळाव्या शतकानंतर ओसरला. लोकांना वाटायचं, जिवाणूच सौम्य झाला असेल. पण हाडांतला जिवाणू आणि आजचा जिवाणू जवळजवळ सारखाच निघाला. म्हणजे जिवाणू बदलला नव्हता. बदलली होती ती माणसं आणि त्यांचं जगणं.

आपल्याकडचा एक दुवा सांगते आणि पुढे जाते. राजस्थानात उदयपूरजवळ बालाथल इथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एका माणसाचा सांगाडा मिळाला. त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत. २००९ मध्ये हा अभ्यास छापला गेला, त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक होते. या रोगाच्या सांगाड्यातल्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी हा एक.

भीती कुणाची होती?

आता परत त्या मोकळ्या जागेकडे.

१८९० मध्ये मुंबईत बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. आज वडाळ्याला आहे ते ॲकवर्थ रुग्णालय. हे ॲकवर्थ म्हणजे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर, मराठी पोवाडे जमवून छापणारे तेच. १८९८ मध्ये ब्रिटिश सरकारनं कायदा केला, रस्त्यावरच्या गरीब कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत होते. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येत होता, ते कलम २०१९ मध्ये गेलं. म्हणजे तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा कॉलेजात होते!

आणि ज्याला एवढं घाबरलो तो जिवाणू कसा? शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक माणसांना तो काहीच करू शकत नाही, त्यांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेले बहुऔषधोपचार आहेत, सहा महिने ते वर्षभर, सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्ग होत नाही.

पण म्हणून "संपला रोग" असंही समजू नका. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात असतात. मोडक्या जनुकांचा हा जिवाणू नसा मात्र कायमच्या खराब करू शकतो, विशेषतः उशीर झाला तर. उशीर होतो लपवण्यामुळे, आणि लोक लपवतात ते आपल्या भीतीमुळे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर दाखवून या. लाजायचं काही नाही.

जीनोम वाचून लस मिळाली का? नाही. नळीत वाढवता आला का? तोही नाही. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पण एक गोष्ट कायमची मिटली. शाप, पाप, कुळाचा दोष, रक्तातली घाण, हे जे काही या रोगाला चिकटवलं होतं, त्यातलं काहीही त्या बत्तीस लाख अक्षरांत नाही. तिथे आहे तो फक्त एक परावलंबी, अर्धं पुस्तक हरवून बसलेला जीव.

आमचे ते आजोबा विदर्भातल्या एका कुष्ठधामात गेले होते, एवढं बाबांना आठवतं. तिथे त्यांनी लग्न केलं की नाही, शेती केली की नाही, कधी वारले, काही माहीत नाही. नाव मात्र बाबांना आठवत होतं. मी ते त्या कागदावर लिहायला पेन घेतलं, तेव्हा घरातले एक जण म्हणाले, "कशाला आता जुनं उकरायचं?" बाबांनी काही उत्तर दिलं नाही. चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढला आणि स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं.

तुमच्या घरातल्या वंशावळीतही अशी एखादी जागा असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. उद्यावर टाकू नका.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटूया. काळजी घ्या.